१०४ नंबरची खोली

ती नोंद मीच लिहिली होती, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं दुसऱ्या कुणाच्या चुकीबद्दल चाललंय असं वाटेल. ज्यांच्याबद्दल ती होती त्या ताईंची ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत, बाकी जसं घडलं तसं.

छत्रपती संभाजीनगरात, जालना रोडपासून जवळच, एका मध्यम हॉटेलात मी फ्रंट ऑफिसला आहे. लोकांना वाटतं आमचं हॉटेल वेरूळ-अजिंठ्यावर चालतं. हिवाळ्यात चालतंही. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, त्या हिशोबाने टुरिस्टांच्या खोल्या भरतात आणि रिकाम्या होतात. पण बारा महिने हॉटेल जगवतात ती वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांत येणारी माणसं आणि हायकोर्टाच्या खंडपीठात येणारे पक्षकार. मराठवाडा तर झालाच, शिवाय नगर, जळगाव, धुळे, नंदुरबार. तारखेच्या आदल्या रात्री यायचं, सकाळी नाश्ता न करता निघायचं, संध्याकाळी पुढची तारीख घेऊन घरी. यांच्याकडे बॅग एकच असते आणि तिच्यात कपड्यांपेक्षा कागद जास्त.

आमच्या धंद्यात कमी सामानाला 'स्कँटी बॅगेज' म्हणतात. हॉटेल मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षाला शिकवतात ते: पाहुण्याकडे सामान कमी असेल तर बिल बुडवून सटकण्याची शक्यता जास्त, म्हणून कार्डावर तसा शिक्का मारा, पैसे आगाऊ घ्या, सगळ्या खात्यांना कळवा. म्हणजे नियमाप्रमाणे पाहिलं तर हायकोर्टात न्याय मागायला आलेला प्रत्येक माणूस आमच्या लेखी संशयित.

पाहुण्यांबद्दल आम्ही लिहून ठेवतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आधी गेस्ट हिस्टरीची जाड कार्डं असायची, आता सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाचं प्रोफाइल असतं. एचडब्ल्यूसी म्हणजे 'हँडल विथ केअर', जपून बोला, तापट आहे. स्पॅट म्हणजे 'स्पेशल अटेन्शन'. वाळूजच्या एका कंपनीत दर महिन्याला येणाऱ्या इंजिनिअरना दोन जादा उशा लागतात आणि एसी एकवीसच्या खाली चालत नाही. एका जैन कुटुंबाचा रात्रीचा डबा सूर्यास्ताआधी खोलीत पोचला पाहिजे. एका आजोबांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. आमच्याकडच्या किचनमध्ये दाण्याच्या कुटाशिवाय पान हलत नाही, त्यामुळे ती नोंद मी स्वतः शेफच्या फळ्यावर लाल खडूने लिहून येतो. आणि एक अलिखित नियम: पुरुष पाहुण्याबरोबर बाई असेल तर 'वेलकम बॅक, सर' म्हणायचं नाही. मागच्या वेळी तो आलाच नव्हता असं समजून बोलायचं. या कामाचा मला अभिमान आहे. न मागता दुसरी उशी पलंगावर दिसली की माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलंय.

पण त्याच चौकटीत दुसरंही लिहिलं जातं.

२०१७च्या पावसाळ्यात मी नवीन होतो, रात्रपाळीला. जळगाव जिल्ह्यातल्या एक बाई आल्या, पंचेचाळिशीच्या, एकट्या. प्राथमिक शाळेत शिक्षिका. सिल्लोडमार्गे एसटीने आल्या होत्या, तेव्हा त्या रस्त्याची दशा अशी की पोचायला साडेनऊ वाजलेले. दहाच्या सुमारास एक तरुण आला, त्यांच्या खोलीत गेला आणि साडेअकरा वाजून गेले तरी खाली उतरला नाही. मध्ये दोन चहा वर गेले. चहा देऊन आलेला पोरगा मला म्हणाला, "साहेब, बेडवर कागदच कागद. बसायला जागा नाही. बाई उभ्यानेच वाचतायत."

हे मी कानांनी ऐकलं होतं. तरी नाइट मॅनेजर म्हणाले, "लिहून ठेव. उद्या काही लफडं निघालं तर आपल्याकडे नोंद पाहिजे." आमच्याकडच्या निम्म्या नोंदी या एका वाक्यातून जन्माला येतात. मी टाइप केलं: 'लेडी अलोन. मेल व्हिजिटर इन रूम टिल लेट. वॉच.' खाली पसंतीच्या रकान्यात 'लो फ्लोअर, निअर लिफ्ट' टाकलं, कारण तिथून कॅमेऱ्यात दार दिसतं. मग नाइट ऑडिट, म्हणजे दिवसाचा हिशोब, केलं आणि सकाळी घरी जाऊन झोपलो. तो तरुण त्यांच्या वकिलांचा ज्युनिअर होता, हे मला पुढच्या वर्षी दुसऱ्याच कारणाने कळलं. नोंद मागे घ्यायची असते, हे तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

त्यानंतर त्या दहा-अकरा वेळा आल्या आणि प्रत्येक वेळी १०४. आमची १०४ कशी आहे ते सांगतो. एका बाजूला लिफ्ट, दुसऱ्या बाजूला पँट्री, बरोबर खाली बँक्वेट हॉल. लग्नसराईत बँडवाल्याने सूर लावला की ग्लासातलं पाणी थरथरतं. आम्ही ती सगळ्यात शेवटी विकतो. २०१९मध्ये त्यांनी काउंटरवर विचारलं होतं, "भाऊ, वरची एखादी खोली मिळेल का? रस्त्याकडची?" कुणीतरी 'फुल आहे' म्हणून सांगितलं. त्या दिवशी हॉटेल अर्धं रिकामं होतं. एकदा सिक्युरिटीने दहा वाजता दार वाजवून ज्युनिअरला खाली आणलं. मग दोघांनी कॉफी शॉप बंद होईपर्यंत तिथल्या गुळगुळीत काचेच्या टेबलावर फायली सांभाळत काम केलं. एका ट्रेनीने 'वॉच'चा अर्थ वेगळाच लावला, त्या गेल्यावर तो टॉवेल मोजायचा. आठ वर्षांत 'हे कुणी लिहिलं, का लिहिलं' असं एकानेही विचारलं नाही. स्क्रीनवर आहे ना, मग खरंच असणार.

त्याच मजल्यावर दर महिन्याला उतरणारे एक ठेकेदार आहेत. त्यांच्या खोलीत रात्री दोनपर्यंत सात-आठ माणसं असतात. त्यांच्या प्रोफाइलवर लिहिलंय: 'एक्स्ट्रा सोडा अँड आइस.'

गेल्या वर्षी आमचं सॉफ्टवेअर बदललं. जुन्यात रिमार्क दोन प्रकारचे होते, आतला आणि छापायचा. आतल्यावर एक टिक असायची, म्हणजे तो आमच्या स्क्रीनच्या बाहेर जात नसे. डेटा नव्या सिस्टिममध्ये ओतताना ती टिक कुठेतरी गळून पडली. कंपनीचा माणूस दोन दिवस एसीत बसून 'मायग्रेशन सक्सेसफुल' सांगून गेला. आम्ही तपासलं काय, तर रेट, बाकी येणी, जीएसटी नंबर. २०१८च्या शेवटी स्टारवुड हॉटेल्सचा कोट्यवधी पाहुण्यांचा डेटा चोरीला गेल्याचं जाहीर झालं, त्यानंतर आमच्याकडेही ट्रेनिंग झालं होतं: पासपोर्टच्या झेरॉक्स उघड्यावर टाकू नका, कार्डाचा नंबर कागदावर लिहू नका. रिमार्क्सचा विषयच नव्हता. पाहुण्याचं नाव-पत्ता पोलिसांसाठी घ्यावा लागतो, परदेशी माणूस उतरला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, पण रिमार्क कुठल्याच सरकारने आमच्याकडे मागितलेला नाही. तो आम्ही हौसेने लिहितो.

डिसेंबरमधली ती रात्र. मी आता ड्युटी मॅनेजर. ताई आल्या, केस पांढरे झालेले, फायलींची पिशवी तीच. काउंटरवरच्या मुलीने जीआरसी छापली, म्हणजे पाहुण्याच्या सहीचं कार्ड, आणि पेन पुढे केलं. आमचे शंभरातले शंभर पाहुणे खाली न बघता सही करतात. यांनी चष्मा लावला.

मुलगी म्हणाली, "मॅडम, फक्त इथे सही."

"वाचून करते, बेटा. भावांनी असंच 'फक्त इथे सही' म्हणत हक्कसोडपत्रावर घेतली होती. तेव्हापासून कोर्टात आहे मी."

आणि मग त्या वाचता वाचता थांबल्या. कार्डाच्या तळाशी रिमार्क्सच्या ओळीत माझे ते तीन तुकडे छापून आले होते, कॅपिटलमध्ये. त्यांनी ते दोनदा वाचले असावेत. आवाज न चढवता त्यांनी कार्ड माझ्याकडे वळवलं आणि बोट ठेवलं.

"भाऊ, हे काय आहे?"

मी जीएमना, म्हणजे जनरल मॅनेजरना, फोन लावला. पलीकडून तीन सूचना आल्या: सिस्टिम एरर म्हणा, बिलात सूट द्या, फ्रूट बास्केट पाठवा. हॉटेल व्यवसायात असा कुठलाही गुन्हा नाही ज्यावर फ्रूट बास्केट पाठवली जात नाही.

मी एरर म्हटलं नाही, एवढं तरी केलं. म्हटलं, "ताई, हे चुकीचं आहे. लिहायला नको होतं. मी काढून टाकतो."

"कधी लिहिलंय?"

"२०१७."

त्यांनी मनाशी हिशोब केला. "म्हणजे म्हणून १०४." मी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "कोणी?"

नव्या सिस्टिममध्ये लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी फक्त 'मायग्रेशन' असं दिसतं. माझं नाव कुठेच उरलेलं नाही. आणि मी म्हणालो, "तो माणूस आता इथे नाही, ताई."

इतक्या सहज बाहेर पडलं की शेजारच्या मुलीलाही शंका आली नाही.

"याची नक्कल द्या मला," त्या म्हणाल्या. "माझ्याबद्दल तुमच्याकडे जे जे लिहिलंय त्याची." माहिती-संरक्षणाचा कायदा २०२३ला झालाय, त्याचे नियम २०२५च्या नोव्हेंबरात आले, पाहुण्याने मागितली तर त्याची माहिती द्यावी लागणार, हे आम्हाला मीटिंगमध्ये वरवर सांगितलं होतं. ते हक्क प्रत्यक्षात लागू व्हायला अजून मुदत आहे, हे त्याहून जास्त ठासून सांगितलं होतं. मी म्हटलं, विचारून सांगतो. त्यांनी वाट पाहिली नाही. कार्डाची घडी घातली आणि फायलीत ठेवली, इतर कागदांसोबत. "हे राहू द्या माझ्याकडे. दुसरं छापा, त्यावर सही करते."

दुसरं छापलं, रिमार्क वगळून. तेही त्यांनी पूर्ण वाचलं.

मी चौथ्या मजल्यावर रस्त्याकडची खोली दिली. बास्केट वर गेली ती तशीच खाली आली, 'पोरांना वाटून टाका' या निरोपासह. दहा वाजता ज्युनिअर आला; आता तोही चाळिशीकडे झुकलाय आणि स्वतःची वकिली करतो. सवयीने लॉबीत थांबला आणि मला विचारू लागला, "वर जाऊ का?" सकाळी ताईंनी यूपीआयने बिल दिलं, सूट नको म्हणाल्या, पावती नीट वाचली आणि रिक्षात बसल्या. माझ्याशी बोलण्यात राग नव्हता, 'भाऊ'ही होतं. त्यामुळेच जास्त अवघड गेलं. तीन रिक्षा गेल्या असतील, तोवर मी पोर्चमध्येच उभा होतो.

ती नोंद मी त्याच सकाळी पुसली. पण आठवड्याभराने प्रोफाइल उघडलं, तर जीएमनी नवी घातलेली: 'एचडब्ल्यूसी. सेन्सिटिव्ह गेस्ट. हॅज टेकन जीआरसी कॉपी. इन्फॉर्म जीएम ऑन अरायव्हल.' आता काउंटरवरचा प्रत्येक नवा पोरगा हे वाचून त्यांच्याकडे बघणार. मी जीएमशी बोललो. ते म्हणाले, "यात खोटं काय आहे?"

त्यांच्या पुढच्या तारखेचं बुकिंग आलंय, येत्या गुरुवारचं. काल संध्याकाळी मी अरायव्हल लिस्ट काढली, तर सिस्टिमने आपोआप १०४ दिलेली. रिमार्क पुसला होता, पण पसंतीचा रकाना वेगळा असतो. 'लो फ्लोअर, निअर लिफ्ट' तिथे जसंच्या तसं होतं. ते खोडलं. ४१२ लावली आणि कुणी हलवू नये म्हणून 'डू नॉट मूव्ह'ची खूण केली. खूण केली की कारण लिहायची चौकट उघडते, ती रिकामी सोडून पुढे जाता येत नाही. मी लिहिलं, 'गेस्ट रिक्वेस्ट'. पुढे विनंतीची तारीख हवी होती. साल टाकलं, २०१९. महिना आठवेना, कारण ते कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं.

गुरुवारची रात्रपाळी मी माझ्याकडे मागून घेतलीय.