एका महिन्यापुरतं

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या नाशिकच्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही. नवे शूज, नवी स्मार्टवॉच, कानटोप्या घालून जोडीने आलेले नवरा-बायको, सगळा उत्साह. संक्रांत होईपर्यंत गर्दी ओसरते आणि मग ट्रॅकवर परत तेच जुने आजोबा आणि पोलीस भरतीवाली पोरं उरतात. दरवर्षी हेच. मला त्या गायब झालेल्या लोकांचं हसू येत नाही, कारण त्या बिचाऱ्यांनी ठरवलेलं असतं 'आता रोज यायचं', आणि रोज म्हणजे किती तर मरेपर्यंत. एवढं मोठं ओझं डोक्यावर घेतल्यावर दुसऱ्या आठवड्यात मान दुखणारच ना.

मी कायमचं काही ठरवणं बंद केलंय. मी फक्त एक महिना ठरवते. एक गोष्ट, एक महिना, आणि महिना संपला की सोडायची पूर्ण मोकळीक.

ही काही माझी आयडिया नाही. मॅट कट्स म्हणून गूगलमधले एक इंजिनियर होते, त्यांनी २०११ मध्ये टेडच्या स्टेजवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं भाषण दिलं होतं, की कुठलीही नवी गोष्ट तीस दिवस करून बघा. ते महिनाभर सायकलने ऑफिसला गेले, रोज एक फोटो काढला, एका नोव्हेंबरमध्ये पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहिली, म्हणजे रोजचे १,६६७ शब्द, आणि ती कादंबरी भयंकर आहे हेही स्वतःच सांगून टाकलं. मला त्यातलं सगळ्यात काय आवडलं तर महिनाभर साखर सोडल्यावर एकतिसाव्या दिवशीचा त्यांनी दाखवलेला फोटो. ढीगभर गोळ्या-चॉकलेटं. लोक हसले. मला मात्र वाटलं की अरे, हाच माणूस खरं बोलतोय.

भाषण बघून मी सासूबाईंना मोठ्या कौतुकाने सांगायला गेले. त्या भाजी निवडत होत्या. ऐकून घेतलं सगळं आणि म्हणाल्या, "अगं, मग यात नवीन काय? आम्ही चातुर्मास वेगळा काय करतो?"

आणि खरंच की. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी, चार महिने. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी एकवेळ जेवतं, कुणी जेवताना मौन. त्याच्या आधी नवमीला कांदेनवमी, म्हणजे सोडायच्या आधी पोटभर कांदाभजी खाऊन घ्यायची सोय सुद्धा आपल्या लोकांनी करून ठेवलीय, आणि लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे ती किती मनापासून पाळली जात असेल बघा. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी फिरणारी पोरं ऑफिसात बघते मी, एरवी देवळात सुद्धा न जाणारी. काही जण वणीला पायी जातात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी, साधारण वीस किलोमीटर, रात्री भर पावसात चिखलातून, आणि त्यात एरवी दुकानापर्यंत सुद्धा गाडी काढणारे लोक असतात. एका रात्रीपुरतं ठरवलेलं असतं म्हणून होतं.

सासूबाईंनी एका वर्षी चातुर्मासात वांगं सोडलं होतं. भरीत म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मी विचारलं, "आई, तुम्हाला जमलं कसं?" तर म्हणाल्या, "चार महिने म्हटलं म्हणून जमलं. कायमचं म्हटलं असतं तर दुसऱ्याच दिवशी भाजायला ठेवलं असतं."

मला या विषयावर एवढं पटेल असं दुसरं काही कुणी सांगितलेलं नाही.

आता लोक म्हणतात की २१ दिवस केलं की सवय लागते, व्हॉट्सॲपवर तर दर आठवड्याला येतं ते. ते २१ आलं कुठून तर मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडून, १९६० मध्ये त्यांनी लिहिलं होतं की ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. त्यातलं 'कमीत कमी' गळालं, चेहरा पण गळाला, आणि आकडा तेवढा राहिला. नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांना घेऊन नीट अभ्यास केला, खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक छोटी गोष्ट रोज करायची, तर गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक फरक केवढा तर १८ दिवसांपासून २५४ पर्यंत. पाणी पिण्यासारखं सोपं लवकर जमतं, व्यायामाला वेळ लागतो.

म्हणजे महिन्याभरात बऱ्याच जणांना सवय लागतच नाही. मग महिन्याचा उपयोग काय? माझ्या मते उपयोग एवढाच की कळतं. आपल्याला ही गोष्ट खरंच हवीय का, की नुसती हवीशी वाटत होती. चप्पल घेताना आपण दुकानात चार पावलं चालून बघतो तसं. नुसती शोकेसमध्ये बघून घेतली तर घरी आल्यावर अंगठ्याला लागते.

उदाहरण सांगते. मला कित्येक वर्षं वाटायचं की आपण डायरी लिहिणारी बाई आहोत, फक्त वेळ मिळत नाही. चांगली जाड पानांची वही आणली आणि महिनाभर रोज एक पान लिहिलं. महिना संपला तेव्हा लक्षात आलं की मला अजिबात आवडत नाही हे. रोज रात्री स्वतःबद्दल लिहून मी जास्तच चिडचिडी होत होते, दुपारी विसरलेली भांडणं रात्री परत उकरून काढत होते. वही आता वाणसामानाच्या यादीला आहे. पण इतकी वर्षं डोक्यावर बसलेलं 'डायरी लिहायला हवी' एकदाचं उतरलं, त्याचं मोल मला वहीच्या किमतीपेक्षा जास्त वाटतं.

सायकलचं उलटं झालं. नाशिकमध्ये सायकलचं वेड तसं जुनंच आहे, इथलेच डॉक्टर महाजन बंधू २०१५ मध्ये अमेरिकेतली ती रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण करून आले, साडेचार हजार किलोमीटरच्या वरची, दोघांची टीम. तेव्हापासून पहाटे गंगापूर रोडला हेल्मेटवाल्यांचे थवेच्या थवे दिसतात. मी काही त्यातली नाही हां. माझं घर इंदिरानगरला, ऑफिस कॉलेज रोडला, पाच-सहा किलोमीटर फार तर, आणि मुलाची जुनी सायकल पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली. एक नोव्हेंबर महिना ठरवलं की ऑफिसला सायकलनेच. पहिल्या आठवड्यात मांड्या अशा दुखल्या की जिना उतरताना कठडा धरायला लागायचा. बोगद्यात गाड्यांचे हॉर्न, मागून कुणीतरी "काकू साइडला" म्हणणार, सिटी सेंटर मॉलच्या सिग्नलला ओळखीचं कुणी भेटलं की "गाडी बिघडली का?" हा प्रश्न ठरलेला. पण गंमत अशी की संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये स्कूटीला आणि सायकलला जवळजवळ सारखाच वेळ लागतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

डिसेंबर उजाडला आणि मी सोडलं नाही. मार्चमध्ये ऊन वाढलं तेव्हा सोडलं. आता दर थंडीत सायकल, एरवी स्कूटी. बारा महिने सायकल चालवणारी बाई मी होणार नाही, पण थंडीतली चार महिन्यांची मी आहे, आणि हे मला घरात बसून विचार करून कधीच कळलं नसतं.

सगळ्यात लक्षात राहिलेला महिना मात्र फोनचा. रोज एका माणसाला विनाकारण फोन करायचा. मेसेज नाही, फोनच. वाढदिवस-बिढदिवस काही निमित्त नको. हे वाटतं तेवढं सोपं नाही, कारण पहिल्या वाक्यालाच समोरचा घाबरतो. "काय गं, सगळं बरंय ना? आईची तब्येत?" मावशीने तर मी काही सांगायच्या आतच काकांना हाक मारली, त्यांना वाटलं कुणीतरी गेलं. पाच मिनिटं गेली की मग माणसं सैल होतात आणि काय काय सांगतात.

मामांना फोन केला तेव्हा ते बागेत होते. पिंपळगावकडे द्राक्षं आहेत त्यांची. मी म्हटलं, "मामा, सहजच केला." तर म्हणाले, "सहज करायला तुला बरा टाइम मिळाला, छाटणीला आज चाळीस दिवस झाले, फुलोऱ्यात आहे बाग, वरनं आभाळ आलंय, डावणी रोगाच्या भीतीने रात्री झोप नाही." मग मी त्यांना माझ्या महिन्याच्या चॅलेंजचं सांगितलं, तर हसायलाच लागले. "आमचं सगळं दिवसावरच असतं बाई. ऑक्टोबरची छाटणी झाली की पहिला दिवस, मग कुठल्या दिवशी काय मारायचं, कधी विरळणी, सगळं मोजून. माल काढेपर्यंत मोजायचं. नंतर एप्रिलची खरड छाटणी, परत एकपासून."

फोन ठेवल्यावर मी किती तरी वेळ त्यावरच विचार करत होते. मोजायचं, संपवायचं, परत एकपासून. त्या महिन्यानंतर रोजचे फोन बंद झाले, पण मामांना मात्र मी आता आठवड्यातून एकदा करतेच, आणि पहिला प्रश्न असतो कितवा दिवस.

माझी पद्धत म्हणाल तर साधी आहे. स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे, त्यात दुधाच्या खाड्यांच्या शेजारी मी त्या दिवशी केलं तर फुली मारते. रात्री झोपताना 'झालं की नाही' याचं उत्तर एका शब्दात देता आलं पाहिजे, म्हणून 'हेल्दी खायचं' किंवा 'मुलांवर ओरडायचं नाही' असलं काही मी घेत नाही, 'साडेआठनंतर खायचं नाही' हे चालतं. एका वेळी एकच. घरातल्यांना सांगते, कारण नवरा टोमणे मारायला फार तत्पर आहे आणि त्याच्या टोमण्यांची मला चांगली मदत होते. फोटो टाकत नाही कुठे, टाकले की दोन दिवसांत चॅलेंज राहतं बाजूला आणि लाइक मोजत बसतो आपण.

आणि खाडा झाला तर झाला. इथे माझं त्या ७५ हार्डवाल्यांशी बिलकुल पटत नाही. अँडी फ्रिसेला नावाच्या अमेरिकन माणसाने २०१९ मध्ये काढलेलं पंचाहत्तर दिवसांचं चॅलेंज ते, दिवसातून दोनदा पाऊण-पाऊण तास व्यायाम, त्यातला एक उघड्यावर, एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर पाणी, दहा पानं वाचन, डाएट, दारू बंद, रोज फोटो, आणि यातलं एक जरी चुकलं तरी पहिल्या दिवसापासून परत. ऑफिसातली एक मुलगी करत होती. चांगली चालली होती, मग घरात लग्न निघालं, हळदीच्या दिवशी दुसरा व्यायाम राहिला, झालं, शून्य. तिने परत काही सुरू केलं नाही. मला त्या नियमाचाच राग येतो. त्या लंडनच्या अभ्यासात तर स्पष्ट दिसलं होतं की मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. आपल्या कहाण्यांत पण 'घेतला वसा टाकू नका' म्हटलंय, पण टाकणं वेगळं आणि एक दिवस चुकणं वेगळं.

बाकी आपल्याकडच्या व्रतांमधली एक गोष्ट मी उचललीय, ती म्हणजे उद्यापन. सोळा सोमवार झाले की सतराव्या सोमवारी उद्यापन, चूरम्याचा प्रसाद, लोकांना जेवायला बोलवा, संपलं. नुसतं गळून जात नाही ते, रीतसर संपतं. तसं मी पण महिना संपला की काहीतरी करते. सायकलचा महिना संपला तेव्हा सगळ्यांना मिसळ, जिलेबीसकट. साखरेविना चहाच्या महिन्यानंतर बासुंदी, आणि चहा मात्र नंतरही बिनसाखरेचाच राहिला कारण साखरेचा गोडमिट्ट लागायला लागला. आणि उद्यापनाच्या दिवशीच ठरवायचं, ठेवायचं, सोडायचं, की अर्धं ठेवायचं. मधे, विसाव्या दिवशी कंटाळा आलेला असताना हा विचार करायचा नाही. कंटाळलेल्या माणसाचं मत घेऊ नये, स्वतःचं सुद्धा.

आयुष्य बदललं का, असं मला मैत्रिणी विचारतात. तेच घर, तेच ऑफिस, तोच बोगदा. पण पूर्वी मी 'मला जमत नाही' असं ज्या गोष्टींबद्दल बिनधास्त बोलायचे त्यातल्या बऱ्याचशांबद्दल आता माझ्याकडे पक्कं उत्तर आहे, हे जमतं, हे जमत नाही, हे जमतं पण आवडत नाही. चाळिशीच्या आसपास एवढं कळणं मला काही कमी वाटत नाही.

सध्या घरात पुढच्या महिन्याची चर्चा चाललीय. मुलगा म्हणतो या वेळी सगळ्यांनी मिळून गोड पूर्ण बंद करू, नवरा पण चक्क हो म्हणाला. सासूबाईंनी कालनिर्णय उलटून बघितलं आणि म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात गणपती आहेत, काय ते फेब्रुवारीत करा." शिवाय फेब्रुवारी अठ्ठावीसच दिवसांचा असतो. ठरलं.