पाठ कोल्हापूरकडं

चैत्र पौर्णिमेच्या पहाटे दोनला पंचगंगेच्या घाटावर पाय धुतले आणि शिवाजी पूल ओलांडून आम्ही वडणगेच्या वाटेला लागलो. आत्ती पुढं, मी मागं, दोघंही अनवाणी. इथून जोतिबा साधारण १७ किलोमीटर. चैत्रातलं डांबर दहानंतर पाय टेकू देत नाही, म्हणून चालायचं ते रात्रीच.

यंदा अण्णा नव्हते. जन्मभर त्यांनी गावच्या सासनकाठीची दोरी धरली. काठी म्हणजे कापडानं मढवलेला तीस-चाळीस फुटांचा वेळू. एकजण ती अंगावर तोलतो आणि बाकीचे चारी बाजूंनी दोऱ्या ताणून धरतात. एकानं ढील दिली की काठी कलते. यात्रेहून आले की अण्णांच्या तळव्यावर दोरीचा लाल वळ असायचा. लहानपणी मी त्यावर बोट फिरवायचो.

निगवे झोपेतच मागं पडलं. उसाच्या फडात रात्रपाळीचं पाणी सुटलं होतं, मोटारींचा आवाज आणि ओल्या मातीचा वास सोबत होता. कुशिऱ्यापुढं चढ लागला तशी आत्तीची चाल मंदावली. तिचे गुडघे दुखतात, पण गाडीचं नाव काढू देत नाही.

गायमुखावर उजाडलं. अन्नछत्रात गरम चहा मिळाला. एका अनोळखी पोरानं न विचारता आत्तीच्या पायांना तेल चोळलं. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा तिचे डोळे भरले होते.

शेवटच्या पायऱ्यांवर मी सारखा मागं वळून बघत होतो. पश्चिमेला पन्हाळा, खाली धुरकट कोल्हापूर. अण्णांशिवायचं घर तिथंच कुठंतरी होतं.

"मागं काय बघतोस?" आत्ती म्हणाली. "रत्नासुराला मारून देव उत्तरंला परत निघाला हुता. अंबाबाईनं अडवलं, म्हणाली, माझ्या करवीराकडं बघत हितंच ऱ्हा. तवापास्नं देव दक्षिणंला तोंड करून बसलाय. आपली पाठ गावाकडं झाली तरी त्यो बघतोय की."

राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलेलं काळ्या दगडाचं देऊळ गुलालानं गुलाबी झालं होतं. खोबऱ्याचे तुकडे डोक्यावर पडत होते, दवण्याचा वास दाटला होता आणि 'चांगभलं'च्या गजरात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पाडळीच्या मानाच्या पहिल्या काठीमागून एकेक काठी नाचत येत होती. आमची दिसली तशी भावकीतल्या थोरल्या काकांनी काही न बोलता अण्णांची दोरी माझ्या हातात दिली.

दोरी जड होती. वर वाऱ्यानं कापड फडफडलं की खाली हिसका बसायचा.

"ढील देऊ नगंस!" गर्दीतनं आत्ती ओरडली.

मी शिखराकडं तोंड करून मागं रेललो. पाठ कोल्हापूरकडं होती.