गोंडाइटातला कोबाल्ट

तुमसर तालुक्यातील खाणपट्ट्यातून आणलेल्या मँगनीजच्या नमुन्यांचे पृथक्करण हाती आले, त्या सकाळी मी बराच वेळ कोबाल्टच्या एकाच रकान्याकडे पाहत बसलो होतो. आकडे अपेक्षेपेक्षा कितीतरी पट जास्त होते आणि खरे सांगायचे तर मला आनंदच झाला होता.

नागपूर, भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांत पसरलेल्या सौसर समूहाच्या खडकांमध्ये मँगनीजचे थर आहेत. त्यांतील स्पेसार्टिन गार्नेट (मँगनीजयुक्त लालसर खनिज) आणि क्वार्ट्झ यांच्या खडकाला भूवैज्ञानिक फर्मर यांनी गोंड जमातीवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले आणि 1909 मध्ये भारतातील मँगनीजवरचा त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. मूळचा समुद्रतळावरचा गाळ पुढे उष्णता आणि दाबाखाली इतका बदलला आहे की त्याची जुनी रचना डोळ्यांना क्वचितच दिसते. म्हणून मँगनीज कोठून आले हे विचारायचे, तर सूक्ष्म प्रमाणातील मूलद्रव्यांकडे जावे लागते. समुद्राच्या पाण्यातून दशलक्ष वर्षांत काही मिलिमीटर इतक्या मंद गतीने वाढणारे मँगनीज कोबाल्ट आणि निकेल भरपूर ओढून घेते, तर समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांपाशी झपाट्याने साचणाऱ्या मँगनीजला तेवढी सवडच मिळत नाही. माझ्या आकड्यांवरून पहिला पर्याय समोर दिसत होता.

अडचण सिरियम या मूलद्रव्याने केली. खुल्या समुद्रात मंदपणे वाढलेल्या मँगनीजमध्ये सिरियम आवर्तसारणीतल्या शेजारच्या लॅन्थॅनम आणि प्रेसिओडिमियमच्या मानाने ठळकपणे जास्त असतो. येथे तसे काहीच नव्हते. निकेलही कोबाल्टच्या जोडीने वाढला नव्हता. शिवाय बोटांना काळे करणाऱ्या मऊ पायरोलुसाइट या मँगनीजच्या खनिजात कोबाल्ट कमी आणि गार्नेटाने भरलेल्या कठीण गोंडाइटात सर्वाधिक, ही मांडणी मला कोणत्याही समुद्राने समजावून सांगता येत नव्हती.

यंत्राच्या वाटीत नमुने दळणाऱ्या काकांकडे मी सहज विषय काढला. ते म्हणाले, “सर, तुमच्या त्या लाल दाण्यांच्या दगडानं माझी वाटी खाल्ली. बाकीचे दगड दोन मिनिटांत पीठ होतात, हे दहा मिनिटं फिरवलं तरी करकर करतात.” त्यांनी वाटी उलटी करून दाखवली. एरवी आरशासारख्या गुळगुळीत असलेल्या आतल्या कडेवर बारीक ओरखड्यांची वर्तुळे उमटली होती.

वाटी टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाची होती, आणि त्या कार्बाइडचे कण एकत्र बांधून ठेवायला कोबाल्टच वापरतात. मी लगेच वर येऊन अहवालातला टंगस्टनचा रकाना उघडला, जो मी उपयोगाचा नाही म्हणून आधी वगळला होता. कोबाल्ट जेथे चढला होता, तेथे टंगस्टनही चढला होता. गार्नेट आणि क्वार्ट्झ वाटी घासत होते आणि मी त्या घर्षणाला प्राचीन समुद्र समजत होतो. चूक माझी होती. नमुना कशात दळला जाणार हे विचारणे माझे काम होते, काकांचे नव्हे.

उरलेले तुकडे अकीकच्या खलात पुन्हा दळले. हे काम कंटाळवाणे आहे, कारण अकीक हळू दळतो आणि प्रत्येक नमुन्यानंतर शुद्ध क्वार्ट्झ वाळू फिरवून खल साफ करावा लागतो. नव्या अहवालात टंगस्टन जवळपास नाहीसा झाला, कोबाल्ट निकेलच्या पातळीला येऊन बसला आणि कठीण-मऊ असा भेद पुसला गेला.

तरीही उष्ण झऱ्यांचा निकाल मी लिहिला नाही. किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात, ऑक्सिजनविरहित खोल पाणी वरच्या ऑक्सिजनयुक्त पाण्याला मिळते त्या सीमेवर भराभर साचणाऱ्या मँगनीजमध्येही कोबाल्ट कमीच असतो, आणि या दोहोंतला फरक ठरवण्यासाठी मला थरांच्या वरखालचे खडकही तपासायचे होते. ते नमुने घ्यायला जाण्यापूर्वी मी काकांना विचारून अकीकचा खल आठवडाभरासाठी राखून ठेवला.