प्लगमधली पट्टी

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आईने जिन्याखाली ठेवलेला कूलर बाहेर काढून घेतला, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवून घेतल्या, टाकीत पाणी भरले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मला फोन केला. ‘अरे, कूलर करंट मारून राहिला रे,’ ती म्हणाली. पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत होत्या. पायात रबरी चप्पल होती आणि खालची फरशी त्या वेळी कोरडी होती, म्हणून ते झिणझिण्यांवर निभावले. मी तिला मेन स्विच पाडून ठेवायला सांगितले, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी पोहोचलो आणि मोटार किंवा पंप उघडण्याआधी प्लग उघडला.

प्लगचे झाकण निघाल्यावर दोष शोधावा लागला नाही. मागच्या हंगामात बाजारातल्या एका दुकानातून बसवून घेतलेला तो तीन पिनांचा प्लग होता. कॉर्डचे बाहेरचे जाड आवरण प्लगच्या तोंडापाशीच संपले होते आणि आत फक्त तीन बारीक तारा गेल्या होत्या. कॉर्ड दाबून धरण्यासाठी तोंडाजवळ जी दोन स्क्रूंची पट्टी असते, ती नुसती लटकत होती. तिचा एक स्क्रू तर जागेवरच नव्हता. कूलर सरकवताना कधीतरी कॉर्डला ओढ बसली असणार. वरच्या पिनेतून अर्थिंगची हिरवी-पिवळी तार सुटली होती आणि तिच्या तांब्याच्या केसासारख्या धाग्यांपैकी चार-पाच धागे वाकून फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या, पिनेला टेकले होते. जी तार कूलरच्या पत्र्याला जमिनीशी जोडून माणसाला वाचवण्यासाठी असते, तीच तार २३० व्होल्ट थेट त्या पत्र्यावर पोहोचवत होती. पत्र्याचा जमिनीशी संबंध तुटलेला असल्यामुळे फ्यूज जाण्याचाही प्रश्न नव्हता. वीज वाट पाहत होती ती जमिनीवर उभ्या असलेल्या कोणाच्या तरी हाताची.

मी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला आणि पुढची बरीच वर्षे हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात देखभालीचे काम केले. कारखान्यात कोणतीही केबल ग्लँडशिवाय पॅनेलमध्ये शिरत नाही. पितळी ग्लँड केबलला बाहेरूनच घट्ट धरते, त्यामुळे खाली कोणी केबलवर पाय दिला तरी आतल्या टर्मिनलला त्याची खबर लागत नाही. हे तिथे इतके अंगवळणी पडले होते की घरातल्या प्लगमध्येही याच कामासाठी एक पट्टी दिलेली असते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही, हे माझ्याही लक्षात आईच्या फोननंतरच आले. त्या उन्हाळ्यात मी आमच्या फ्लॅट स्कीममधल्या शेजाऱ्यांचे आणि नातेवाइकांचे मिळतील तेवढे प्लग, होल्डर आणि एक्स्टेंशन बोर्ड उघडून पाहिले. पट्टी नीट बसवलेले प्लग फारच थोडे निघाले.

प्लग असो, होल्डर असो की सीलिंग रोज (छतावर दिव्याची तार जोडायची गोल डबी), त्याच्या आत तारेला दोन वेगवेगळ्या कामांसाठी दोन वेगवेगळ्या जागी धरलेले असते. टर्मिनलचा स्क्रू तांब्याला धरतो तो वीज जाण्यासाठी. पट्टी बाहेरच्या आवरणाला धरते ती ओढ सोसण्यासाठी. पट्टी सैल राहिली की ओढ सोसण्याचे काम त्या लहानशा स्क्रूवर येऊन पडते आणि ते काम त्याचे नाही. बारीक धाग्यांची तार स्क्रूखाली किंचित सरकते, काही धागे तुटतात, उरलेल्या धाग्यांवर सगळा भार येतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही.

म्हणून प्लग बसवताना मी पट्टीपासून सुरुवात करतो. कॉर्डचे जाड आवरण पट्टीखालून पुढे, आतल्या बाजूला चार-पाच मिलिमीटर तरी आलेले दिसले पाहिजे. पट्टीने आवरणालाच धरले पाहिजे, आतल्या एकेकट्या तारांना कधीही नाही, कारण त्यांच्यावरचे पातळ इन्सुलेशन त्या दाबाने चिरते. पट्टीचे दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत, म्हणजे ती तिरपी बसत नाही. काही प्लगांमध्ये पट्टीची एक बाजू सपाट आणि दुसरी उंचवट्याची असते. कॉर्ड बारीक असेल तर उंचवट्याची बाजू आत घ्यायची असते, हे अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते. सोळा अँपियरच्या मोठ्या प्लगला टेबल फॅनची बारीक कॉर्ड जोडली तर पट्टी कितीही आवळली तरी ती कॉर्ड निसटतेच. अशा वेळी कॉर्डवर इन्सुलेशन टेपचे वेढे देऊन ती जाड करण्याची पद्धत सर्रास दिसते, पण उन्हाळ्यात टेपचा गोंद पातळ होऊन कॉर्ड टेपच्या आतून सरकते. तिथे प्लगच बदलावा, सहा अँपियरचा घ्यावा.

दुसरी गोष्ट तारांच्या लांबीची, आणि आईच्या प्लगमध्ये नेमकी तीच चुकली होती. आपल्याकडच्या तीन पिनांच्या नेहमीच्या प्लगमध्ये कॉर्ड खालून येते आणि अर्थिंगची पिन सर्वांत वर असते. तिन्ही तारा सारख्याच कापल्या तर अर्थिंगच्या तारेला सर्वांत लांबचा पल्ला गाठावा लागतो. ती ताणलेली राहते आणि कॉर्ड निसटली की सर्वांत आधी तीच सुटते. खरे तर सुटायचेच असेल तर ती सर्वांत शेवटी सुटली पाहिजे. म्हणून फेज आणि न्यूट्रल बेताच्या लांबीच्या ठेवाव्यात आणि अर्थिंगच्या तारेला मात्र एक सैलसर वळण द्यावे. प्लगची अर्थिंगची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब असते, ती याच विचाराने: सॉकेटमध्ये ती आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. बाहेर पिनेला जो न्याय लावला आहे, तोच आत तारेलाही लावायचा.

कॉर्डला आतून गाठ मारण्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे वायरमनचा हात आपोआप गाठीकडे जातो. छतातून लोंबणाऱ्या जुन्या होल्डरांमध्ये आणि सीलिंग रोजमध्ये दिव्याचे वजन पेलण्यासाठी दोन तारांची एक विशिष्ट गाठ मारत, आणि ती नीट मारणारे हात कसबी होते याबद्दल मला आदर आहे. परंतु प्लग-सॉकेटांच्या आयईसी ६०८८४-१ या आंतरराष्ट्रीय मानकाने गाठ मारणे किंवा सुतळीने बांधणे असले तात्पुरते उपाय स्पष्टपणे नाकारले आहेत. गाठीच्या आत तार आवळली जाते, वाकते, आणि कालांतराने तिचे इन्सुलेशन तिथेच फुटते. त्याच मानकात पट्टीची परीक्षा कशी घ्यायची तेही दिले आहे: कॉर्ड ठरावीक जोराने शंभर वेळा, प्रत्येक वेळी एक सेकंद, झटका न देता ओढायची, नंतर मिनिटभर पिळायची आणि एवढे झाल्यावर ती आपल्या जागेवरून २ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेली नसावी. आपल्याकडे घरगुती प्लग-सॉकेटांसाठी आयएस १२९३ हे भारतीय मानक आहे. दुकानात प्लग घेताना आयएसआय चिन्ह पाहावेच, पण तिथेच झाकण उघडून पट्टी आणि तिचे दोन्ही स्क्रू आत आहेत ना, हेही पाहावे.

आता टर्मिनलच्या स्क्रूकडे वळतो. सैल जोडणीचा धोका लोकांना ठिणगीत दिसतो. माझ्या मते खरा धोका शांतपणे साठणाऱ्या उष्णतेचा आहे. घरातला २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपियर करंट घेतो. स्क्रूखालची जोडणी सैल होऊन तिथला अवरोध समजा ०.१ ओहम झाला, तर करंटचा वर्ग गुणिले अवरोध या हिशेबाने तिथे साडेसात वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होते. ऐकायला हा आकडा लहान वाटतो. पण घरी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते आणि ती मोकळ्या हवेत वापरतात. इथे तिच्या जवळजवळ तिसरा हिस्सा उष्णता मसुरीच्या दाण्याएवढ्या जागेत, बंद प्लास्टिकच्या डबीत, रोज सकाळी अर्धा तास कोंडली जाते. उष्णतेने तांबे काळवंडते, अवरोध आणखी वाढतो आणि त्यामुळे उष्णताही वाढत जाते. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की पडणारा स्विच, तोही पडत नाही, कारण करंट गळतही नसतो. सूचना मिळते ती फक्त वासाने, जळक्या माशासारख्या, आणि सॉकेटच्या भोकाभोवती उमटलेल्या तपकिरी कड्याने. असे कडे दिसले तर तो सॉकेट त्याच दिवशी बंद करावा.

नागपुरात याला उन्हाची जोड मिळते. साध्या पीव्हीसी वायरीच्या इन्सुलेशनला सोसेल असे तांब्याचे कमाल तापमान ७० अंश सेल्सिअस धरलेले असते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेरची हवाच ४५ अंशांच्या पुढे जाते, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीवरच्या बोर्डात वायरीला करंटमुळे तापायला पंचवीस अंशही शिल्लक राहत नाहीत. थंड गावात जी सैल जोडणी वर्षभर निभावून जाईल, ती इथे एका मे महिन्यात वायर कडक आणि ठिसूळ करून टाकते.

त्यामुळे तार सोलताना टर्मिनलच्या भोकात मावेल तेवढीच सोलावी. तांबे बाहेर उघडे राहू नये आणि इन्सुलेशन स्क्रूखाली दबू नये. सोलताना चार धागे कापले गेले तर ते टोक कापून टाकावे आणि पुन्हा सोलावे. धागे घट्ट पिळावेत. भोक मोठे आणि तार बारीक असेल तर टोक दुमडून दुहेरी करून घालावे. स्क्रूच्या डोक्याखाली वळण द्यायचे असेल तर ते स्क्रू आवळण्याच्या दिशेनेच द्यावे, म्हणजे आवळताना वळण मिटते, उलगडत नाही. टोकाला सोल्डर लावून ते कडक करण्याची सवय मात्र सोडली पाहिजे, आणि ही सवय चांगल्या, मन लावून काम करणाऱ्या लोकांचीच असते. सोल्डर हा मऊ धातू आहे; स्क्रूच्या सततच्या दाबाखाली तो हळूहळू सरकून पातळ होतो आणि आज घट्ट आवळलेला स्क्रू काही महिन्यांनी सैल सापडतो. त्याऐवजी टोकावर पिनेसारखे थिंबल, म्हणजे धातूची बारीक टोपी, दाबून बसवावे. शेवटी प्रत्येक तार एकेकटी धरून हलकेच ओढून पाहावी आणि मगच झाकण लावावे.

कूलरच्या बाबतीत प्लगइतकेच महत्त्वाचे दुसरे टोक असते, जिथे कॉर्ड पत्र्यातून आत जाते. आपल्याकडचे बरेच कूलर स्थानिक कारागीर पत्रा वाकवून बनवतात आणि कॉर्डसाठी पत्र्याला भोक पाडतात. त्या भोकाची कड सुरीसारखी असते आणि पंखा चालू असेपर्यंत पत्रा थरथरत असतो, म्हणजे कॉर्ड तासन्‌तास त्या कडेवर घासली जाते. तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाची कड झाकणारे कडे, हवेच आणि आतल्या बाजूला कॉर्डला धरणारी क्लॅम्पही हवी. शिवाय कॉर्डला आत जाण्यापूर्वी खाली झोका द्यावा, म्हणजे ताट्यांवरून ओघळलेले पाणी झोक्याच्या तळाशी येऊन खाली गळते, कॉर्डवरून वाहत आत शिरत नाही. पाणी भरताना नुसता स्विच बंद करू नये, प्लग ओढून बाजूला ठेवावा. आणि ओढताना प्लगला धरावे, कॉर्डला नाही.

आईच्या घरी मी त्या दिवशी नवा प्लग बसवला, भोकात ग्रोमेट घातले, आणि आठवड्याभरात मेन बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घेतला. अर्थिंगची तार पुन्हा कधी सुटून फेजला टेकली तरी पत्र्याला हात लागताक्षणी तो वीज तोडेल. पण त्याच्या भरवशावर पट्टी सैल ठेवण्याचा विचार माझ्या मनात येत नाही, कारण त्या हिशेबात पहिला हात आईचा आहे.

प्लगच्या तोंडाशी, जिथे कॉर्ड पट्टीखाली शिरते, तिथे मी आवरणावर पांढऱ्या मार्करने एक बारीक रेघ ओढून ठेवली. आईला ती दाखवली आणि सांगितले की ही रेघ प्लगपासून दूर गेलेली दिसली तर कूलर लावू नकोस, मला फोन कर. तिने तो उन्हाळाभर रोज पाणी भरण्यापूर्वी चष्मा लावून ती रेघ पाहिली. जुलैत कूलर पुन्हा जिन्याखाली ठेवताना मी झाकण उघडले. रेघ जागेवर होती, पट्टी घट्ट होती, आणि फेजचा स्क्रू पाव फेरा आवळावा लागला.