शेवंता गेली अन् लोक विचारतात केवढ्याची होती

आमची शेवंता गेली. वरातीची पांढरी घोडी, आमच्याकडे येऊन गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी तिच्यासोबत फोटो काढलेत. एकेकाला फोनवर तेच ते सांगायची ताकद नाही म्हणून एकदाच लिहितोय, तुटक वाटलं तर चालवून घ्या.

संध्याकाळी एकदम चांगली होती. तोबऱ्यातला भिजवलेला हरभरा संपवला, पाणी प्यायली, बाबांच्या खिशात गुळाचा खडा आहे का म्हणून नाक घालून बघितलं, सगळं रोजच्यासारखं. रात्री कधीतरी कोठ्यातून जमीन खरडल्याचा आवाज यायला लागला, बाबा टॉर्च घेऊन गेले तर ती सारखी मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. घोडेवाल्यांना हे लक्षण सांगावं लागत नाही. पोटशूळ. मग बसली, उठली, परत बसली आणि लोळायलाच लागली. घोडं बहुतेक उभ्यानेच झोप काढतं, त्यामुळे तिला असं चारी पाय झाडत आडवं पडलेलं बघून माझ्या पोटात गोळाच आला. बाबांनी मोरखी धरून तिला अंगणात फिरवायला सुरुवात केली, मी डॉक्टरांना फोन लावला. पांढऱ्या अंगावर घाम पटकन दिसत नाही पण मानेवर हात ठेवला तर तळहात ओला.

डॉक्टर बिचारे उजाडायच्या आत आले, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. निरोगी घोड्याचे ठोके शांत असताना मिनिटाला २८ ते ४४ असतात, हिचे नव्वदीच्या वर गेलेले. वरचा ओठ उचलून दाखवला, एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या. मग नाकातून नळी घातली, कारण घोड्याला उलटी होतच नाही, जठराच्या तोंडाशी स्नायू इतका आवळलेला असतो की आत अडकलेलं वर येऊच शकत नाही. इंजेक्शननंतर थोडा वेळ शांत उभी राहिली, आम्हाला वाटलं सुटली. पण नाही. डॉक्टर म्हणाले मोठं आतडं पिळलं असणार, घोड्याचं ते आतडं पोटात बरंचसं मोकळंच असतं, गॅस भरला की फिरतं आणि पीळ बसला की रक्तच बंद होतं. उपाय एकच, पोट उघडून ऑपरेशन, तेही काही तासांत. उभं राहता येत नाही त्या घोडीला मेटॅडोरमध्ये चढवून कुठे नेणार होतो आम्ही? चहाच्या वेळेपर्यंत सगळं संपलं होतं.

धुऱ्याजवळ जेसीबीने खड्डा केला, खाली-वर मीठ टाकलं. बाबांनी आधी नाल काढून घ्यायचं म्हटलं आणि मग स्वतःच नको म्हणाले.

आणि मग लोक यायला लागले. पहिला प्रश्न, "केवढ्याची होती गा?" दुसरा, "खायले काय देल्लं होतं?" तिसरा, "इन्शुरन्स होता काय?" वाईट हेतूने कोणी विचारत नाही हे कळतं मला. पण आमच्याकडे घरचा बैल मेला की माणूस पाराखाली गप बसला तरी कोणी काही बोलत नाही, बैलाला पोळा आहे, पुरणपोळी आहे, दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा आहे. घोडी म्हणजे धंदा. धंद्याचं नुकसान मोजायचं असतं, त्याच्यासाठी रडायचं नसतं, असं काहीतरी. बाबा पोळ्याला तिलाही धुऊन झूल घालून तोरणाखाली न्यायचे, लोक हसायचे, ते मनावर घ्यायचे नाहीत.

सारंगखेड्याच्या बाजारातून आणली होती तिला, तापीकाठी दत्तजयंतीला भरतो तो. नुकरी होती, म्हणजे केस पांढरे आणि खालची कातडी गुलाबी, दिसायला देखणी पण वैशाखाच्या उन्हात नाकाचं टोक भाजून सालं निघायची, म्हणून दुपारची वरात असली की आजी तिच्या नाकाला खोबरेल तेल लावायची. नवरदेवाआधी मेकअप हिचा! डीजेला मात्र बुजायची, कानात कापसाचे बोळे घालावे लागायचे.

लगीनसराई ऐन भरात आहे. चार गावच्या भिंतींवर "वरातीसाठी घोडी मिळेल" आणि खाली बाबांचा नंबर, त्यामुळे फोन थांबत नाहीत. ज्यांची वरात दुसऱ्याच दिवशी होती त्यांना सांगितलं तर पलीकडून पटकन आलं, "मंग आमचं कसं होईन?" राग आला, पण तो तरी काय करणार, मांडव घातलेला, पाहुणे आलेले. शेवटी नवरदेव सजवलेल्या जीपमधून गेला म्हणे.

खरं समाचाराला आला तो एकटा बँडवाला. कितीतरी वराती तिच्यापुढे वाजवत चालला होता तो. आला, बाबांजवळ बसला, तंबाखू मळली, त्यांना दिली आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "मामा, तिले माह्या ढोलकीचा ठेका समजे. मी हात बदलला का ते पाय बदले." बाबा त्या दिवशी पहिल्यांदा रडले. मी उठून बाहेर आलो, त्या दोघांचं ते होतं.

दुसरी घोडी घ्यायची का, कधी, ते बाबा ठरवतील, मला विचारू नका. भिंतींवरचे नंबर पुसायला मीच जाणार आहे या रविवारी, एखादा सोबत आला तर बरं होईल. आणि घरी भेटायला येत असाल तर जरूर या, फक्त किंमत विचारू नका.