व्हिडिओ चालत नसेल, तर आधी कारण शोधावे

गणेशोत्सवाच्या आधी पुण्यात नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात, आणि आमच्या पथकाच्या सरावांचे चित्रीकरण जमवून ठेवण्याचे काम माझ्याकडे असते. वादकांच्या निरनिराळ्या मोबाइलमधून आलेल्या फाइल्सपैकी एखादी संगणकावर उघडतच नाही, असे दर वर्षी घडते. अशा वेळी बहुतेक जण इंटरनेटवर मिळेल तो कन्व्हर्टर, म्हणजे फाइलचा प्रकार बदलणारा प्रोग्रॅम, उतरवून घेतात. मला ते धोक्याचे वाटते, कारण न चालण्याची कारणे एकमेकांपासून अगदी वेगळी असतात आणि कारण न कळता केलेला इलाज मूळ चित्रीकरणावरच बेतू शकतो. म्हणून आधी फाइलची प्रत काढावी आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवरच करावेत.

आवाज येतो पण चित्र काळे दिसते, हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि त्यात फाइलला काहीही झालेले नसते. एमपीफोर किंवा एमओव्ही हे नुसत्या डब्याचे नाव आहे. आतले चित्र कोणत्या पद्धतीने आवळून भरले आहे, ते त्या नावावरून कळत नाही. आयफोनच्या बऱ्याच मॉडेलांत २०१७ पासून चित्रीकरण एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, या पद्धतीने होऊ लागले, आणि ती उलगडणारा भाग विंडोजच्या अनेक संगणकांवर आधीपासून नसतो. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये मात्र असे बहुतेक सगळे भाग अंगचेच असतात, त्यामुळे पहिली परीक्षा तिथेच घ्यावी. आत नेमके काय आहे, हे मीडियाइन्फो हा छोटा प्रोग्रॅम स्पष्ट सांगतो. आयफोनवाल्या वादकांना मी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये, फॉरमॅट्सखाली, 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडायला सांगतो. फाइल मोठी होते, पण ती कुठेही चालते.

व्हीएलसीमध्येही फाइल उघडली नाही, तर ती ज्या मोबाइलमधून आली तिथे चालते का, ते पाहावे आणि दोन्हीकडचा आकार बाइटपर्यंत ताडून घ्यावा. 'इजेक्ट' न करता ओढून काढलेला पेनड्राइव्ह हे अर्धवट फाइलचे नेहमीचे कारण असते, आणि तिथे पुन्हा कॉपी करण्याखेरीज दुसरे काही लागत नाही.

खरी कसोटी लागते ती चित्रीकरण मध्येच तुटलेले असते तेव्हा. पथकातल्या एका ताईच्या कॅमेऱ्याची बॅटरी सराव चालू असतानाच संपली. कार्डावरच्या फाइलचा आकार भरपूर होता, तरीही कोणताच प्लेअर ती उघडेना. एमपीफोर फाइलमध्ये चित्र-आवाजाचा मजकूर एका भागात साठत जातो आणि कोणती चौकट (फ्रेम) कुठे आहे हे सांगणारी सूची 'मूव्ह' नावाच्या दुसऱ्या भागात असते. कॅमेरे ही सूची बहुधा रेकॉर्डिंग थांबवतानाच लिहितात, त्यामुळे वीज आधीच गेली तर मजकूर राहतो आणि सूची मात्र नसते. अशा फाइलचे एक्स्टेन्शन (नावाचे शेपूट) बदलून किंवा ती कन्व्हर्टरमध्ये घालून काहीच साधत नाही, कारण कन्व्हर्टरलाही तीच सूची हवी असते. यावर 'अनट्रंक' नावाचा एक मुक्त प्रोग्रॅम आहे. त्याला त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगने घेतलेला एक धड व्हिडिओ नमुना म्हणून द्यावा लागतो, आणि त्यावरून तो तुटलेल्या फाइलची सूची नव्याने बांधतो. सुदैवाने ताईकडे आदल्या दिवशीचे चित्रीकरण होते. चित्र जवळजवळ सगळे परत आले. ताशाचा आवाज मात्र टिपरीच्या किंचित मागे पडत होता, तो एडिटिंगमध्ये सरकवून जुळवावा लागला.

हे जमले, कारण तिने ते कार्ड तसेच बाजूला ठेवले होते. त्यावर पुन्हा चित्रीकरण केले असते किंवा कॅमेऱ्याने विचारल्यावर फॉरमॅटला होकार दिला असता, तर हाती काही लागण्याची शक्यता फारच कमी झाली असती. यंदापासून आम्ही दर तालानंतर रेकॉर्डिंग थांबवून नवे सुरू करायचे ठरवले आहे, म्हणजे बॅटरी दगा देईल तेव्हा एका तालापुरतेच नुकसान होईल.