लाग्वार्दियाच्या तळघरांतली कोवळी लाल वाइन

फेब्रुवारीत, नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालू असते त्या दिवसांत, आम्ही उत्तर स्पेनमधील रिओहा आलावेसा भागात पोहोचलो. वेल उघडेबोडके होते. आम्हाला चाखायची होती ती चारच महिन्यांपूर्वी तोडलेल्या द्राक्षांची वाइन, जिला तिथे ‘कोसेचेरो’ म्हणतात.

टेकडीवरचे तटबंदीचे गाव लाग्वार्दिया यासाठी उत्तम, कारण तिथल्या घरांखाली जुनी तळघरे आहेत. गावाखालची जमीन अशी पोखरलेली असल्याने मोटारींना आत मज्जाव आहे. गाडी तटाबाहेर लावून चालत जावे. जवळच्या लोग्रोन्यो शहराहून बसही मिळते, आणि चाखायला जायचे तर बसच बरी.

या वाइनचे वेगळेपण तिच्या करण्यात आहे. तेम्प्रानियो या काळ्या द्राक्षांचे घड देठांसकट हौदात रचतात आणि त्यांतच विउरा या पांढऱ्या द्राक्षाचे थोडे घड टाकतात. वजनाने तळाचे मणी फुटून रस आंबू लागतो, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हौदात भरतो आणि वरच्या अखंड मण्यांच्या आतच आंबण्याची सुरुवात होते. अखंड घडांच्या लाल वाइनसाठी रिओहाचा नियम किमान 85 टक्के काळी द्राक्षे मागतो, तर देठ काढून केलेल्या वाइनसाठी 95 टक्के. म्हणजे पांढऱ्या द्राक्षाला इथे मुद्दाम जास्त जागा ठेवलेली आहे.

पहिल्याच घोटाला त्याचे कारण पटले. रंग गडद जांभळट, वासात स्ट्रॉबेरी, ज्येष्ठमध आणि पिकलेल्या केळ्याची छटा; तेम्प्रानियोचा तुरटपणा जिभेवर रेंगाळत नाही, कारण विउराची आंबटसर ताजगी त्याला उचलून धरते. एकाच हौदातील आपोआप गळालेला रस, तुडवल्यानंतरचा मधला भाग आणि शेवटी दाबून काढलेला रस असे तिन्ही वेगवेगळे चाखायला मिळाले, तर ती संधी सोडू नये. मधल्या भागाला तिथे ‘कोरासोन’, म्हणजे हृदय, म्हणतात आणि मलाही तोच सर्वांत भरीव वाटला.

लहान उत्पादकांकडे आधी वेळ ठरवूनच जावे. एका ठिकाणी आम्ही न कळवता गेलो आणि दारावरूनच परतलो. दुपारी बराच वेळ सगळे बंद असते, तेव्हा सकाळची वेळ मागावी. तळघरात गारवा असतो, स्वेटर हवाच. चाखलेले थुंकण्यासाठी भांडे मागण्यात संकोच करू नये. सोबत चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, घातलेली बटाट्याची भाजी अप्रतिम लागते. मांस न खाणाऱ्यांनी, अंडे चालत असेल तर, बटाट्याचे तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, मागवावे.

भारतात प्रत्येक प्रौढ प्रवाशाला 2 लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काविना आणता येते. बाटल्या सामानात कपड्यांत गुंडाळून आणाव्यात, मात्र ही वाइन साठवण्याची नव्हे: किंचित थंड, साधारण 13 अंशांवर, वर्षाच्या आत संपवावी.